दुसऱ्याच्या हातातली घोडी

१

आठवणीवर भिस्त ठेवावी असं भगवंतरावांचं वय राहिलं नव्हतं. तो दगड त्यांना पहिल्यांदा दिसला तो दिवाळीआधी की दिवाळीनंतर, हे त्यांना पुढे कधीच छातीठोकपणे सांगता आलं नाही. दगड होता, एवढं नक्की. निदान त्यांना तसं वाटत होतं. उभा जन्म पुण्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात गेला, पुराव्यावाचून तोंड उघडायचं नाही ही सवय हाडीमाशी खिळली, आणि ज्या एका बाबतीत पुरावा द्यायची वेळ आली तिथे त्यांच्यापाशी होतं काय, तर तापलेलं डोकं आणि थरथरणारे हात.

हातांची थरथर निवृत्तीनंतर सुरू झाली. पुण्यातला फ्लॅट मुलाच्या हवाली करून ते आणि वैजयंतीबाई पिंपरी पेंढारला आले. धाकटा भाऊ दादाभाऊ तिथेच शेती बघत होता. त्याच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि राहू लागले. डॉक्टर म्हणाले, बोटं चालती ठेवा सर. ते ऐकून दादाभाऊची नात संस्कृती कुठल्याशा मैत्रिणीकडून गेम खेळायचा एक जुना डबा घेऊन आली आणि टीव्हीला जोडून मोकळी झाली.

"घ्या तात्याबाबा. बोटांचा व्यायाम."

गेम काऊबॉयचा होता, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा. ओसाड माळ, लाकडी दुकानांची गावं आणि घोड्यावर बसलेला एक टोपीवाला. माणसांचे चेहरे खोक्यासारखे, घोड्याचं शेपूट फळीसारखं. भगवंतरावांनी रिमोट हातात घेतला. घोडा नदीत गेला. पुन्हा बाहेर काढला, पुन्हा नदीत गेला.

"लई तहानलाय राव तुमचा घोडा," संस्कृती म्हणाली आणि हसत सुटली.

भगवंतरावांनी रिमोट कॉटवर आपटला. पोरीवर राग नव्हता. तिच्या देखत हाताने दगा दिला, त्याचा होता. पण राग कुणावर आहे हे राग बघत नाही. पोरगी घाबरली नाही. एकोणीस वर्षांची, घोड्यांत वाढलेली. लाथाळ जनावराशी कसं वागायचं ते तिला ठाऊक होतं. तिने मोबाईलवर काहीतरी केलं आणि टीव्हीवर तोच माळ, तोच टोपीवाला दिसू लागला. फक्त आता घोडा सरळ चालला होता.

"हे लोक खेळतात, रेकॉर्ड करतात आणि टाकतात. तुमी नुसतं बघा."

"दुसऱ्याचा खेळ बघून काय करू?"

"मॅच बघताच की. तिथं काय तुमी ब्याट धरता?"

२

भगवंतराव बघू लागले, आणि बघतच राहिले. जेवण झालं की पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसायचं, डावा पाय उजव्या मांडीखाली दुमडायचा, उजवा खाली सोडायचा. त्या पायातली रबरी चप्पल अंगठ्याला लटकायची आणि पायाबरोबर झुलत राहायची. तिचा निळा पट्टा तुटलेला होता. तिथे सेफ्टी पिन अडकवलेली.

"ती घाला तरी नाहीतर टाका तरी," वैजयंतीबाई रोज म्हणायच्या. "माझा जीव टांगल्यासारखा होतो."

"तुझा जीव, माझी चप्पल. तू तुझं बघ."

बोलणाऱ्या खेळाडूंचा त्यांना तिटकारा होता. सगळी बडबड फुकटची. ते न बोलणारे शोधून काढायचे. नुसता टापांचा आवाज, वारा, मधूनच कुठेतरी दारावर आपटणारी पाटी. तासन्‌तास. या बघण्यात काय सुख आहे, हे त्यांनी स्वतःला एकदा प्रामाणिकपणे विचारलं होतं आणि उत्तर आवडलं नव्हतं. सुख हे की आपल्या अंगाला काही लागत नव्हतं. घोडा कड्यावरून गेला तर तो खेळणाऱ्याने घातला. टोपीवाला मेला तर त्याच्या हातून मेला. आपण खुर्चीत.

गेममध्ये दुसरं गाव मागे पडलं की एक नाळ लागायची. दोन्ही बाजूंना तांबडे उंचवटे आणि मधून वर चढत जाणारी धुळीची वाट. तिथे सगळेच घोडा फेकायचे. आणि अर्ध्या चढावर टोपीवाला मागे बघायचा. चित्र गर्रकन फिरायचं, मागची वाट दिसायची, उडालेली धूळ दिसायची. क्षणभरच. की पुन्हा पुढे.

त्या धुळीत, पार खाली, वाटेच्या मधोमध एक दगड होता.

पहिल्यांदा त्यांनी त्याची दखलही घेतली नाही. मग दुसऱ्या कुणाचा खेळ बघताना पुन्हा तोच चढ, तसंच मागे बघणं, तोच दगड. असणारच. गेम एक, तर दगडही एक. पण दगड थोडा मोठा वाटला. तिसऱ्याच्या खेळात अजून मोठा. मोठा म्हणजे जवळ.

भगवंतरावांनी चष्मा पुसला आणि मास्तरासारखा विचार केला. कुणी नाळेत आधी मागे बघत असेल, कुणी उशिरा, अंतर बदलणारच. मग त्यांनी मागे बघण्याची जागा पारखली. डाव्या हाताला एक वाळलेलं झाड होतं, सगळे त्याच झाडापाशी बघत होते. बरं, मग व्हिडिओ जुने-नवे असतील, गेममध्ये काही फेरफार झाला असेल. त्यांनी तारखा पाहिल्या. दगड तारखांच्या क्रमाने जवळ येत नव्हता. तो भगवंतराव ज्या क्रमाने बघत होते त्या क्रमाने येत होता.

इथे त्यांना घाम फुटला नाही, संताप आला. विद्यार्थ्याने आकडे घुसडून आणावेत आणि वर निरागस चेहरा करावा, तसा. त्यांनी सगळ्यांत पहिला व्हिडिओ पुन्हा लावला. पार खाली, ठिपक्याएवढा दगड, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

चित्र फिरलं. दगड निम्म्या चढावर होता.

"मूर्ख," भगवंतराव म्हणाले. कुणाला, ते त्यांनाही कळलं नाही. चप्पल झुलायची थांबली होती.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी वैजयंतीबाईंना बोलावलं. त्या सुपात लसूण घेऊन सोलायला बसल्या.

"आता बघ. काही विचारू नकोस. बघ फक्त."

नाळ आली. टापा वाढल्या. झाड आलं. चित्र फिरलं.

"मागे कशाला बघतोय हा मेला?" वैजयंतीबाई म्हणाल्या.

"बघितलंस? मागे बघितलं ना त्यानं?"

"बघितलं की. आंधळी आहे का मी?"

"आणि दगड?"

"दगड कुठला? कुणीतरी बसलंय तिथे."

बाई लसूण सोलत होत्या. भगवंतरावांनी पुन्हा लावलं, थांबवलं. जुन्या गेममधलं चित्र. जवळ जावं तर नुसते चौकोन. पण एकदा कानावर पडल्यावर तो दगड पुन्हा दगड व्हायला तयार होईना. वर अरुंद, खाली रुंद. एका अंगाला काहीतरी लोंबत होतं.

तेवढ्यात दादाभाऊ अंगणातून आला. पायजमा गुडघ्यापर्यंत, हाताला शेणाचा वास.

"काय, दोघं मिळून बघाय लागला व्हय?"

"दादा, हे काय दिसतंय तुला?"

दादाभाऊने डोळे बारीक केले. "बिबट्या आसंल. बसलेला." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला. मग खेळ पुढे सरकला, तशी त्याची नजर घोड्यावर गेली आणि तोंड वाकडं झालं. "ह्या येड्याला घोडी कुनी दिली? भर चढाला मागं बघतोय. आपल्या घाटात आसता तर खांडोळी झाली आसती."

बैलगाडा शर्यतीचा घाट म्हणजे दादाभाऊचा प्राण. शर्यतीवरची बंदी उठल्यापासून त्याच्या गोठ्यात पुन्हा चार बैल आणि चिमणी नावाची घोडी आली होती. चढाचा मातीचा घाट, म्हणजे शर्यतीची वाट; पुढे घोडी, घोडीवर माणूस, आणि तिच्या शेपटाला लागून चार बैल, छकड्यासकट. छकडा रिकामा, हाकायला कुणी नाही. घोडी पळते म्हणून बैल पळतात. घोडीवरच्याने मान वळवली की भार हलतो, घोडी आखडते आणि मागचे चार बैल आखडत नाहीत. म्हणून दोन रीती होत्या, आणि त्या त्यांच्या बापाच्या वेळेपासून चालत आलेल्या. घोडीवरच्याने मागे बघायचं नाही. आणि धावत्या बारीत, म्हणजे गाडा घाटात पळत असताना, घोडीवरच्याला नावाने हाक मारायची नाही. ओरडायचं तर बैलांच्या नावाने ओरडा, घोडीच्या नावाने ओरडा. माणसाचं नाव नको. नाव घेतलं की माणूस वळतो.

"आवंदाच्या यात्रंला कोन बसनार म्हाइतीये का चिमणीवर?" दादाभाऊ छाती काढून म्हणाला. "आपली संस्कृती. पोरी बी बसाय लागल्यात आता. फोटू येतो पेपरात."

टीव्हीवर टोपीवाला नाळेतून वर निघाला होता. भगवंतराव धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघत राहिले.

४

त्यांनी व्हिडिओ बघायचे सोडले. मग पुन्हा बघितले; सोडल्याने काही होतं का, हे बघण्यासाठी. बसलेलं ते झाडाच्या पुष्कळ जवळ आलं होतं.

यात्रा शेजारच्या गावाची होती. सकाळी अंगणात चिमणीला धुतलं, शेपटीला गोंडे बांधले. संस्कृती आईची जुनी ओढणी कमरेला घट्ट आवळून घोडीच्या कानात काहीतरी सांगत होती. भगवंतराव खुर्चीतून उठून बाहेर आले.

"ही बसणार नाही," ते म्हणाले.

दादाभाऊने बादली खाली ठेवली. "का बरं?"

का, हे सांगायला त्यांची जीभ उचलेना. गेममध्ये एक दगड आहे आणि तो दगड नाही, असं डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने चार माणसांत सांगायचं? त्यांनी आकडे काढले. घाटात किती अपघात होतात, घोडीवरचे किती जायबंदी होतात, वीस वर्षांखालच्यांचं प्रमाण काय. निम्मे आकडे त्यांनी उभ्याउभ्या बनवले. आयुष्यात पहिल्यांदा.

"तात्याबाबा," संस्कृती म्हणाली, "हे खरं न्हाई. तुमी खरं बोलताना माझ्याकडं बघता."

"खरं-खोटं तू मला शिकवू नकोस! एक पोरगी मरायला पाठवायची आणि पेपरात फोटो? लाज वाटत नाही?" त्यांचा आवाज फुटला. त्यांनी हात बगलेत दाबले. "नालायक आहात सगळे. जनावरापेक्षा गेलेले."

दादाभाऊचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो मोठ्या भावाला कधी उलटून बोलला नव्हता.

"तात्या, तुमी लई शिकला. तुमच्या पाया पडतो मी. पन आज सांगतो. तुमी जल्मभर खुर्चीत बसून दुसऱ्याचं बघितलं. बसल्या मानसानं घाटातलं सांगू न्हाई." तो घोडीकडे वळला. "चल गं पोरी."

जाता जाता संस्कृती त्यांच्या पाया पडायला वाकली. भगवंतरावांनी पाय मागे घेतला. चप्पल सुटून अंगणात पडली. पोरीने ती उचलली, पिन नीट केली आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

"चला की बघायला. तुमाला बघायला तर आवडतं."

ते गेले नाहीत.

५

दुपारी सगळी वस्ती ओस पडली. वैजयंतीबाईही जावेबरोबर गेल्या. उसाच्या पलीकडून लाऊडस्पीकरचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा, विरायचा. भगवंतराव जेवले नाहीत. रागाने त्यांचं पोट भरलं होतं. दादाभाऊवर राग, त्या भोंग्यावर राग, ज्या अहंकारापायी आपल्याला साधं 'भीती वाटते' म्हणता आलं नाही त्याच्यावर राग. शेवटी त्यांनी ठरवलं की ही गोष्ट आजच निकालात काढायची. कधीच न पाहिलेल्या माणसाचा खेळ लावायचा, नाळ बघायची, तिथे साधा दगड आहे हे बघायचं आणि टीव्ही कायमचा बंद करायचा.

ते खुर्चीत बसले. सवयीने पाय दुमडला गेला.

टोपीवाला दुसऱ्या गावातून निघाला. टापा, वारा, आपटणारी पाटी. बाहेर भोंगा स्पष्ट झाला, वाऱ्याने तोंड इकडे केलं असावं: "...पुढची बारी, पिंपरी पेंढारकर दादाभाऊ यांची. आणि घोडीवर, मंडळी, बघून घ्या, घोडीवर आपली वाघीण..."

पडद्यावर नाळ लागली.

टापा वाढल्या. आता आतल्या कुठल्या आणि बाहेरच्या कुठल्या, ते कळेना. घाट इतका लांब, तिथल्या टापा इथे ऐकू यायच्याच नाहीत, हे त्यांना माहीत होतं. तरी पडवी टापांनी भरली. भोंग्यात लोक ओरडत होते, चिमणी, चिमणी. तांबडे उंचवटे दोन्हीकडून सरकत होते. झाड दिसलं. घोड्यावरच्या पाठीला किंचित पीळ बसला, मान वळायच्या आधी बसतो तसा.

भगवंतरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्षानुवर्षांचं गिळलेलं सगळं त्या एका पाठीवर निघालं.

"संस्कृती!" ते ओरडले. "मागं बघू नकोस!"

चित्र फिरलं.

या वेळी धूळ फारशी नव्हती. मागची वाट मोकळी होती, आणि जे बसलेलं होतं ते आता इतकं जवळ होतं की ते पडद्यात मावत नव्हतं. गुडघ्याच्या खालचंच दिसलं. लोंबणारा एक पाय. अंगठ्याला अडकलेली चप्पल, झुलणारी. निळा पट्टा, आणि त्या चौकोनी, फळकुटी चित्रात एवढी एकच गोष्ट बारीक आणि लखलखीत होती. पिन.

मग चित्र पुन्हा पुढे वळलं. घोड्यावर कुणी नव्हतं.

बाहेरचा भोंगा थांबला होता. उसातून वारा तेवढा येत होता.

६

संस्कृती वाचली. छकड्याचं चाक डाव्या मांडीवरून गेलं. ऑपरेशन झालं, सळई घातली, पुढचे कित्येक महिने ती कॉटवर होती. दादाभाऊने बैल आणि घोडी विकून टाकली आणि त्या दिवसापासून तो भावाकडे मान वर करून बघेनासा झाला. "तात्या, तुमचं ऐकाया पायजे व्हतं," एवढंच म्हणाला. हे वाक्य ऐकून भगवंतरावांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ऐकलं होतं कुणीतरी. तीच तर भीती होती.

कारण दवाखान्यात, अर्धवट गुंगीत, पोरीने त्यांचा हात धरला होता.

"तात्याबाबा, तुमी हाक का मारली? आजोबा म्हनत्यात नाव घ्यायचं न्हाई."

"मी घरी होतो गं."

"न्हाई. जवळनं मारली. पाठीमागनं." तिचे डोळे मिटत होते. "मी बघितलं ना. रिकाम्या छकड्यावर कशाला बसला व्हता तुमी?"

"इंजेक्शनचं बोलतीये," दादाभाऊ म्हणाला. वैजयंतीबाई नवऱ्याच्या पायांकडे बघत होत्या.

चप्पल भगवंतरावांनी चुलीत घातली. रबराचा वास चार दिवस घरात होता. खुर्ची माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून त्यांनी एकही व्हिडिओ लावला नाही. हळूहळू, शिकलेल्या माणसाला जमतं तसं, त्यांनी सगळं रचून टाकलं. खेळणाऱ्यांनी मागे बघितलं, कारण तिथे मागे बघायचं काहीतरी बटण असणार. बसलेलं ते म्हणजे टीव्हीच्या काचेवर पडलेली आपलीच सावली. हाक म्हणजे पोरीचा भास. प्रत्येक गोष्टीला कारण मिळालं. पहिलं कारण पक्कं होतं, म्हणून त्याच्यावर बाकीची उभी राहिली.

संस्कृती किंचित लंगडत चालायला लागली, शिकली, नारायणगावात नोकरीला लागली. कॉटवरच्या त्या महिन्यांत वेळ जाईना म्हणून तिने तो जुना गेम अथपासून इतिपर्यंत खेळून काढला होता, हे भगवंतरावांना माहीत होतं. विचारायचं धाडस होत नव्हतं. बरीच वर्षं गेली. एका रविवारी ती आली होती, वैजयंतीबाई लसूण सोलत होत्या, आणि त्यांच्या तोंडून ते सहज निघून गेलं.

"त्या नाळेत, घोडा पळत असताना, मागे बघायला काय दाबतात गं?"

"कशात? त्या गेममदी?" संस्कृती हसली. "काय दाबत न्हाईत. खाली उतरून चालताना चौफेर बघता येतं. घोड्यावर बसलं की मागं बघायची सोयच न्हाई त्यात. जुना गेम हाय तो."

"असं कसं? सगळे बघत होते."

"कोन बघतं? येतच न्हाई तर."

भगवंतरावांचा आवाज चढला. कसं येत नाही, मी स्वतः पाहिलंय, तुझ्या आजीने पाहिलंय, तिला विचार. संस्कृतीने मुकाट्याने माळ्यावरून डबा काढला, टीव्हीला जोडला, नाळेच्या तोंडाशी घोडा आणून उभा केला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.

या खेपेला घोडा नदीकडे गेला नाही. तो चढाला लागला. वाळलेलं झाड आलं तेव्हा भगवंतरावांनी एकेक करून सगळी बटणं दाबली, मग सगळी एकदम दाबली, रिमोटवरच्या दिशा बदलायच्या कांड्या चारी बाजूंना ढकलल्या, अंगठा पांढराफटक पडेपर्यंत. वैजयंतीबाईंच्या हातातली पाकळी हातातच राहिली होती.

घोडा पळत होता. टोपीवाला पुढे बघत होता.